मुलाच्या बापाने पुढे चालायचं

शेवटच्या रविवारी आम्ही दोघं पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या काठाला बसून काडीने बुटांचा चिखल काढत होतो आणि माझे व्याही मला सांगत होते की चिखल टाचेकडून काढत यावं, बोटांकडून नाही. बूट माझा, चिखल माझा, शिस्त त्यांची. इतका नम्र आणि इतका हट्टी माणूस साऱ्या मद्रासेत दुसरा नसेल. नम्र असा, की माझ्यापुढे कधी एक पाऊल टाकलं नाही. हट्टी असा, की त्यापायी मला गटारात घातलं.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या तिकडचेच. मी मिरजेकडून इथे गिंडीच्या कारखान्यात लेथवर काम करायला आलो तो इथलाच झालो. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी पेरुंगुडीच्या एका कंपनीत भेटली, आणि लग्नाच्या बोलणीला बसलो तेव्हा आम्ही दोघे मराठी एकमेकांचं मराठी ऐकून गार पडलो. त्यांचं बोलणं पोथीतल्यासारखं, वर तमिळचा हेल. "आमचंच अस्सल आहे व्याहीबुवा, तुमचं मागाहून बिघडलं," असं त्यांनी पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं, हात जोडून. मुलीचं लग्न लागलं तसं, एकटेच उरले म्हणून, त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये खोली घेतली. मॅन्शन म्हणजे बिनलग्नाच्या पोरांची राहायची जागा. दोरीवर सगळ्यांच्या जीन्स वाळत असायच्या आणि मधोमध यांचं पांढरंशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी. ते जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होते, पण डोंगर त्यांना मुळीच चालायचा नाही. "चढायचं कशाला? नकाशा सपाटच असतो की," म्हणायचे. चालायचं तर सपाटीवर, पाण्याच्या कडेने, आणि जिथे सरकारी बस जाते तिथेच. रिक्षात बसून फिरायला जाणं म्हणजे त्यांच्या लेखी पाटावर बसून पोहणं.

माझी बायको गेली. तेराव्यानंतर पाहुणे गेले, मुलगा-सून कामावर जायला लागली, आणि मी पोरांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दिवसच्या दिवस बसायला लागलो. टीव्ही लावायचो नाही. कुणी बेल वाजवली तर उठायचो नाही. एका रविवारी बेल वाजतच राहिली. उघडून बघतो तर व्याही. इस्त्रीचा लांब बाह्यांचा सदरा, वर दुमडलेलं वेष्टी, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री.

"चला, व्याहीबुवा."

"कुठं?"

"सपाटीवर."

"मला कुठं यायचं नाही."

"सरि, बरं. मी इथे जिन्यात उभा आहे."

आणि राहिले की उभे! आत यायचे नाहीत. मुलीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही जुनी रीत. आमच्या गावाकडेही आता कुणी पाळत नाही. हे पाळायचे. शेजारीण बघायला लागली तेव्हा मी चप्पल घातली. ते म्हणाले, "बूट."

तेव्हापासून दर रविवार. कधी कोवळमच्या बसने मुट्टुक्काडच्या खाडीवर, कधी बकिंगहॅम कालव्याच्या काठाने, पण बहुतेक ही दलदलच. एका अंगाला काचेची ऑफिसं, दुसऱ्या अंगाला कचऱ्याचा डोंगर, मध्ये पाणी, लव्हाळे आणि पक्षी. कालव्याचा वास आला की मी नाकाला रुमाल लावायचो. ते छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "नाक आहे ते वापरायला." पक्ष्यांची खरी नावं त्यांना येत नव्हती. त्यांनी नातेवाइकांचीच दिली होती. पेलिकन म्हणजे त्यांची आत्या, कारण तोंडात काहीतरी भरल्याशिवाय ती कधी गप्प बसली नाही. एका पायावर उभा राहणारा बगळा म्हणजे शाळेचे हेडमास्तर. वाटेत जाळं टाकणारा दिसला की थांबायचे, म्हशी चारणारी दिसली की थांबायचे, म्हशीचीही विचारपूस. हातभर वाट, पण दुपार व्हायची.

मुलाच्या बापाचा मान म्हणजे काय, ते मला या चिखलात कळलं. बसमध्ये मी बसल्याशिवाय ते बसायचे नाहीत. खिडकी मला. दहीभाताचा डबा ते आणायचे, त्यात चमच्याने मधोमध रेघ मारायचे आणि लोणच्याकडची बाजू मला. आणि चालताना मी पुढे, ते एक पाऊल मागे. आता वाट ठाऊक त्यांना, मला काय ठाऊक? एकदा मी एका बांधावरून निघालो तो चालतच राहिलो. बांध अरुंद झाला, मग ओला झाला, मग नव्हताच. मी मांडीपर्यंत काळ्या चिखलात. मागे बघतो तर हेही मांडीपर्यंत, वेष्टी फुगलेलं, छत्री उघडलेली.

"अहो व्याही, ही वाट चुकली!"

"होय, मघाशीच. त्या खांबापाशी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मज ठाऊक होतं की."

"मग बोलला का नाही?"

"अय्यो! मुलाच्या बापाला, तुम्ही चुकलात, असं कसं म्हणायचं?"

मी त्यांना मिरजेच्या भाषेत काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. मग मला हसू यायला लागलं. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हसलो, आणि हसता हसता ते भलतीकडेच गेलं, आवरेना. व्याह्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि समोरच्या आत्यावर ओरडायला लागले, की एवढी मोठी झालीस, लाज नाही का वाटत, नुसती खात बसतेस. माझं संपेपर्यंत तिला झापत होते.

उन्हाळ्यात एकदा मी त्यांची बाटली गुपचूप आमच्या स्वयंपाकघरात भरली. त्यांना कसं कळलं देव जाणे. खाली आवारात त्यांनी ती एका झाडाच्या मुळाशी ओतली. गल्लीत लॉरीतून येणाऱ्या पाण्यासाठी बायका घागरी घेऊन भांडत होत्या आणि हा माणूस पाणी झाडाला घालत होता! वर मलाच म्हणाले, "रागावू नका. पाणी चांगलंच असणार."

तर त्या शेवटच्या रविवारी बूट साफ झाले आणि ते म्हणाले, "मालक मॅन्शन पाडतो आहे. शनिवारी पुतण्याकडे तंजावरला जातो."

मी म्हणालो, "काही जायचं नाही. आमच्याकडे माझी खोली आहे. दोन खाटा मावतात." त्या खोलीत दुसरी खाट होतीच. ते मी बोललो नाही.

"ते लेकीचं घर."

"मग मी कुठं माझ्या घरात आहे? तेही पोरांचंच!"

"तुम्ही मुलाकडे राहता. मी मुलीकडे राहायचं?"

परतीच्या बसमध्ये आमचं इतकं जुंपलं की पुढच्या बाकावरच्या मासळीवाल्या बाईने वळून तमिळमध्ये विचारलं, म्हातारे कशावरून भांडतात? व्याह्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, नकाशा दाखवावा तसं. ती म्हणाली, "माझ्या मुलीनं बोलावलं तर मी टोपलीसकट जाऊन राहीन." व्याही म्हणाले, "अम्मा, तुम्ही आई आहात." यावर ती टोपली सावरत पुढे वळली.

सुनेने जिन्यात त्यांचा हात धरला. "अप्पा, मी तुमची कुणीच नाही का?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आहेस, म्हणूनच," म्हणाले. त्या पोरीला हे समजलं की नाही ठाऊक नाही. मला नाही समजलं.

शनिवारी संध्याकाळी एग्मोर स्टेशनला सोडायला गेलो. डब्याच्या दारात थांबून म्हणाले, "आधी तुम्ही." गाडी त्यांची, तिकीट त्यांचं, आणि आधी मी चढलो! मी त्यांच्या जागेवर बसल्यावर ते समोर बसले. गाडी सुटायला आली तसा मी धडपडत उतरलो. राहा, असं मला आणखी एकदा म्हणायचं होतं. म्हणालो, "डास असतील तिकडं."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उजाडायच्या आत उठलो, बूट घातले आणि बस धरली. दलदलीच्या काठाने चालायला लागलो. वाट मला आता पाठ होती, चुकलो नाही. जाळंवाला होता, त्याने हात केला, मीही केला, पण त्याच्याशी काय बोलायचं ते सुचलं नाही. बघता बघता रस्ता आला. ऊन अजून ऑफिसांच्या काचांवरही चढलं नव्हतं. ही एवढीच वाट होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

बस आली. कंडक्टरने दारातून विचारलं, "अय्या, येणार का?" मी हातानेच नको म्हटलं. बस गेल्यावर मागे वळलो आणि तीच वाट परत चालायला लागलो, जमेल तितकं सावकाश.