मुलगी बघायला गेलो आणि छापा बघितला

मुलगी बघायला मी वडनेरला गेलो, पण मुलीच्या आधी मला तिच्या भावाचे चित्र बघावे लागले.

गोष्ट पन्नास-पंचावन्न सालची. आंजीहून सोबत मामा होता. (आमची भाजीची शेती. मामाला वांग्यापलीकडे जग माहीत नव्हते. मलाही नव्हते, पण मी मॅट्रिक होतो!) मुलीचे आईवडील आत चहापोह्यांच्या गडबडीत. बैठकीत मुलीचा भाऊ. नागपूरला चित्रकला शिकणारा. त्याने एक कागद माझ्या हातात ठेवला. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, तेजाबाने खोल करायच्या, शाई भरून कागदावर दाबायच्या, असा तो छापा.

मला नुसता काळा गोंधळ दिसला.

"हे... ढग हायेत काय?"

"यात विषयच नाई, पाहुणे. आकार पाहा अन् पोत पाहा. खरं बोलजा, मले राग नाई येत."

भावी मेहुण्यावर छाप पाडायची हीच वेळ! मी घसा खाकरून मोठ्याने सुरू झालो.

"आकार जरा बेढबच वाटून राह्यला."

"वा! अजून?"

"एका बाजूनं लय फुगलं हाये. अन् काळं किती!"

आतला कपबश्यांचा आवाज थांबला.

"उलटं करून पाह्य ना," मामा म्हणाला.

"पोत खरखरीत दिसते. हात लावून पाहू काय?"

"लावा ना! आवडलं तं घेऊन जा, घरी असे लय पडले हायेत!"

धाडकन दार उघडले. मुलीचे वडील! मागे आई, हातात उलथने!

"माह्या पोरीले हात लावून पाह्यता? भाजीबजार समजले काय?"

"हात लावल्याबिगर कसं समजन, बापा?" मामा शांतपणे म्हणाला. "आमी तं वांगेबी दाबूनच घेतो!"

आईने गळा काढला. मी कागद छातीशी धरून भिंतीला चिकटलो. नेमके काय चुकले, तेच कळेना!

"बाबा," भाऊ ओरडला, "ते माह्या चित्राबद्दल बोलून राह्यले!"

वडिलांनी कागद घेतला. आडवा धरला, उभा धरला.

"हे होय? मंग तं पाहुणे कमीच बोलले!"

भावाचे तोंड एवढेसे झाले. पोहे घेऊन आलेल्या मुलीला हसू आवरत नव्हते. मी मात्र लाजेने मान वर केली नाही.

आणि चार दिवसांनी होकार आला! माझी रसिकता पटली, या समजात मी बोहल्यावर चढलो. पुढे एकदा बायकोला, सुमनला, विचारलेच.

"तू मले काऊन पसंत केलं व?"

"दादा म्हने, मानूस खरं बोलते."

"अन् तू?"

"मी म्हटलं, याले समोरचं काईच समजत नाई. संसाराले असाच पाह्यजे!"