मिक्सर आता तळघरात

गेल्या रविवारी आपला व्हिडिओ कॉल मध्येच तुटला. "आजी, तुमचं नेट गेलं का?" असा तुमचा मेसेज नंतर आला. नेट गेलं नव्हतं, फोन मीच बंद केला. तुमच्या आईने पुण्याच्या स्वयंपाकघरात मिक्सर लावला. त्याचा आवाज फोनमधून इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला आमच्या बैठकीत आला आणि गालिच्यावर झोपलेल्या बाईसाहेब ताडकन उठल्या. तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्यात. "आजी, बघ, निघाली ड्यूटीवर! जवळून दाखव ना!" मी लाल बटण दाबलं.

असं तोंडावर फोन बंद करणं मला शोभत नाही, म्हणून कारण लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमच्या आईला मध्ये मध्ये थांबून समजावत बसावं लागणार नाही.

बाईसाहेब आमच्याकडे गेल्या वर्षी इथला उन्हाळा संपत असताना आल्या. ग्रेहाउंड जातीची कुत्री, आयर्लंडमध्ये शर्यतीत धावलेली, आता निवृत्त, एवढंच तुमच्या मामाने सांगितलं होतं. 'निवृत्त' हा शब्द मला आवडला. मीही निवृत्त. दोघी म्हाताऱ्या उन्हात बसू, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात आली ती जेमतेम चार वर्षांची पोर. मागचा उजवा पाय घोट्याशी वाकडा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की हाड एकदा मोडलंय आणि वेडंवाकडं जुळलंय. सावकाश फिरवा, पण एकदम सुसाट पळाली तर पुन्हा मोडेल, आणि मग तो पाय वाचवता येईल असं वाटत नाही.

दारात मामीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी औक्षण केलं. कुंकू लावताना तिचा कान माझ्या हाताने उलटा झाला. आत हिरव्या शाईत अक्षरं गोंदलेली.

"अरे, हे काय?"

"नंबर असतो त्यांचा," मामा म्हणाला. "गाडीला चेसिस नंबर असतो ना, तसा."

आम्ही हसलो. मोटारीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार!

मिक्सरची गंमत पहिल्याच आठवड्यात सापडली. मी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली. आवाज हळूहळू चढत गेला, तशी ती उठली, जेवणाचं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जो अरुंद बोळ आहे त्यात शिरली आणि बाल्कनीच्या काचेच्या दाराला नाक लावून उभी राहिली. अंग ताठ, मांड्या थरथरत. मिक्सर थांबवला की ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहायची आणि मग गोंधळून आमच्याकडे बघायची.

"बाईसाहेब ड्यूटीवर हजर," मामा म्हणाला आणि ते नाव आणि तो विनोद दोन्ही घरात राहिले. गणपतीत इथली मराठी मंडळी आरतीला आली, तेव्हा मोदकांनंतर फर्माईश झाली, "काकू, तो मिक्सरचा आयटम होऊ दे." मी रिकाम्या भांड्यावर मिक्सर फिरवला. ती बोळात जाऊन उभी राहिली. सगळे पोट धरधरून हसले. ते चित्रण मामीने तुम्हाला पाठवलं. तुम्ही ते तुमच्या वर्गातही दाखवलंत म्हणे.

मग नोव्हेंबरात आम्ही डोनाउ, म्हणजे डॅन्यूब नदीच्या काठी फिरायला गेलो. अशी शर्यतीची कुत्री पाळणारी माणसं तिथे महिन्यातून एकदा जमतात. मधोमध एक उंच, पिकल्या केसांच्या बाई होत्या. आयर्लंडमधून कुत्री आणून ती इथल्या घरांत देण्याचं काम त्या करतात, बाईसाहेबही त्यांच्याच गाडीतून आलेली. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलत होत्या, त्यामुळे मला मामाच्या मध्यस्थीची गरज नव्हती.

त्यांच्याजवळ एक काळा कुत्रा होता. त्याच्या डोक्यावर लोकरीची निळी टोपी, गळ्यापर्यंत घट्ट. इथे थंडीत या कुत्र्यांना असं काहीबाही घालतात. बाईसाहेबांनाही मी गळपट्टा विणलाय. त्या टोपीचा टाका मला नवीन वाटला.

"किती सुबक विणलीय! टाका जवळून बघू का?"

बाईंनी टोपी काढून माझ्या हातात दिली.

कुत्र्याला कान नव्हते. दोन्ही बाजूंना नुसत्या सुरकुतलेल्या कडा होत्या, आणि मधे भोकं.

"कोणी केलं हे?" मी विचारलं.

"ज्याचा होता त्याने. कानात नंबर असतो. नंबरावरून मालक सापडतो. टाकून द्यायचा असेल तर..." त्यांनी बोटांनी कात्रीची खूण केली.

चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर घासून काढतात, हे मला ठाऊक आहे. मामाकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता. मी औक्षण करताना हसले होते, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. टोपी हातात तशीच राहिली. टाका मी बघितलाच नाही.

वातावरण हलकं करावं म्हणून असेल, मामीने फोन काढला. "ही बघा आमच्या बाईसाहेबांची गंमत," म्हणत मिक्सरचं चित्रण बाईंच्या पुढे धरलं. बाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

"हे कसलं यंत्र आहे?"

"स्वयंपाकघरातलं. चटणी वाटायचं."

त्यांनी स्वतःच्या फोनवर एका शर्यतीचं चित्रण लावलं. अरुंद पेट्यांची रांग होती. कुत्री आत कोंडलेली, समोरच्या जाळीला नाकं लावून उभी. मग लांबून एक आवाज सुरू झाला. खोटा ससा रुळावरून ओढणारं ते यंत्र. आवाज जवळ येत गेला, चढत गेला. पोरांनो, तो माझा मिक्सर होता. डोळे मिटले असते तर खोबऱ्याचा वास आला असता. आवाज अगदी टिपेला पोचला, पेट्यांची दारं उघडली आणि कुत्री गोळीसारखी सुटली. पहिल्याच वळणावर दोघं एकमेकांवर आदळली, एक कोलमडलं. बाकीची पुढे गेली.

"ती तुमच्या घरात काही गंमत करत नाही," बाई म्हणाल्या. "ती पेटीत उभी राहून दार उघडायची वाट बघते."

परत येताना गाडी मामा चालवत होता. तोच म्हणाला, "आई, ती सगळी डावीकडेच वळतात. प्रत्येक शर्यतीत, दर वेळी. म्हणजे वळणावर सगळा भार मागच्या उजव्या पायावर. आमच्याकडे एखादा भाग असा ठरावीक जागी तुटायला लागला तर आम्ही गाडीच परत मागवतो." मागच्या सीटवर बाईसाहेब माझ्या मांडीवर डोकं ठेवून उघड्या डोळ्यांनी झोपली होती.

घरी आल्यावर मामाने टेबल सरकवून बोळ बंद केला. मिक्सर फक्त स्वयंपाकघराचं दार लावून चालवायचा, असं ठरलं. मला वाटलं, झालं काम.

पुढच्याच आठवड्यात मी बाजारातून पिशव्या घेऊन आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना दगडी. दाराला किल्ली लावली, फिरवली, आणि आतून मिक्सर ऐकू आला. मामीने ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. पण या बाहेरच्या दाराच्या लगेच पलीकडे, माझ्या अगदी समोर, फरशीवर नखं वाजत होती. आणि धाप.

आमच्या प्रवेशद्वाराशी चपलांचं कपाट आणि भिंत यांच्यामध्येही एक बोळ आहे. तो आमच्या कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

किल्ली फिरली होती. नुसतं ढकललं असतं तरी दार उघडलं असतं. यंत्राचा आवाज चढत होता, ती पलीकडे उभी होती, आणि या खेपेला दार खरंच उघडणार होतं. माझ्या मागे तीन मजल्यांचा दगडी जिना. मी कडी दोन्ही हातांनी घट्ट ओढून धरली. पिशवी सुटली, बटाटे पायऱ्यांवरून घरंगळत गेले. फोन पर्समध्ये, पर्स काखेत, आणि हात सोडायची माझी हिंमत होईना.

"अगं, मिक्सर बंद कर!" मी ओरडले. आयुष्यात मी जिन्यात कधी ओरडले नव्हते. खालच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून वर बघायला लागले. "बंद कर गं!"

आवाज थांबला. नखं थांबली नाहीत.

"अहो आई, काय झालं? कुठे आहात?"

"दाराबाहेर आहे. आधी तिचा पट्टा धर. धरलास?"

"धरला."

"घट्ट?"

"हो, आई, घट्ट!"

मग मी दार उघडलं. मामी जमिनीवर बसली होती, दोन्ही हात बाईसाहेबांच्या गळ्याभोवती. ती मात्र आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हती. माझ्या पायांमधून जिन्याकडे बघत होती. इतकी थरथरत होती की चपलांचं कपाट वाजत होतं. वाकडा पाय तिने मागे रोवून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मिक्सर केलरमध्ये गेला. केलर म्हणजे इमारतीचं तळघर, इथे प्रत्येकाची तिथे एक खोली असते. आता चटणी, वाटण, इडलीचं पीठ, सगळं मी डबे घेऊन खाली जाऊन वाटते. खालचे आजोबा एकदा डोकावले आणि घरात वीज नाही का, म्हणून विचारू लागले. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, वीज आहे, कुत्रा आहे. त्यांना काही कळलं असेल असं वाटत नाही, पण हल्ली ते माझे डबे वर आणून देतात.

आणि एवढं सगळं करून, रविवारी तो आवाज पुण्याहून आला.

म्हणून एक सांगते, ते ऐका. आपल्या फोनच्या वेळेत तुमच्या आईला मिक्सर लावू देऊ नका. चटणी आधी वाटा नाहीतर नंतर वाटा. आणि ते चित्रण पुसून टाका. वर्गात कोणी पुन्हा मागितलं तर नाही म्हणा, आणि का ते सांगा.

रविवारी फोन बंद केल्यावर ती कितीतरी वेळ चपलांच्या कपाटापाशी उभी होती. मी तिच्या शेजारी, दाराला पाठ लावून, खाली बसून राहिले.