न लागणारी डिस्क

मला सहा आठवड्यांची रजा मिळाली होती. ऑफिसच्या अर्जावर रजेचं कारण लिहायचा रकाना होता आणि त्यात छापील पर्यायांपैकी जवळचा पर्याय एकच होता, बाळंतपण. मी त्यावर खूण केली आणि सही केली. सातव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले होते. त्यापुढचे तीन दिवस मी दवाखान्यात होते, एवढंच मला आजही नीट सांगता येतं.

नवऱ्याने मला पुण्याहून रत्नागिरीला, मांडवीला माहेरी आणून सोडलं. गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला माझा कॉम्प्युटर होता. तो न्यायचा हट्ट माझाच. मी सर्व्हर सांभाळायचं काम करत असे आणि त्या वर्षी मला त्यातली एक परीक्षा द्यायची होती. नवरा म्हणाला, "आत्ता अभ्यास?" मी म्हटलं, "मग आत्ता काय?" त्याने गाडीचं मागचं दार लावून घेतलं. दोन दिवस राहून तो परत गेला. रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलीस? हो. झोपलीस दुपारी? हो. फोन ठेवायचा.

आईने मला बाळंतिणीसारखंच वागवलं. अळिवाची खीर, बाळंतशेपा, मऊ भात, कुळथाचं पिठलं. दूध येत होतं, तेव्हा तिने काही न बोलता छातीभोवती घट्ट फडकं बांधून दिलं. घरात त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं. शेजारणी यायच्या, दारातच आईशी कुजबुजायच्या, मला बघून "बरी आहेस ना गो?" म्हणायच्या आणि जायच्या.

मी माडीवर कॉम्प्युटर मांडला. परीक्षेसाठी तीन-चार सर्व्हर, त्यांना जोडलेलं स्टोरेज आणि मधलं नेटवर्क एवढा पसारा लागतो. घरी तो कोणाकडे असणार? म्हणून हे काम करणारे आम्ही सगळे एक युक्ती करायचो. एकाच कॉम्प्युटरवर असा प्रोग्राम चालवायचा की तो आत खोटे कॉम्प्युटर तयार करतो. मी असे तीन केले होते. दोन सर्व्हर, आणि तिसरा नुसता साठवणुकीचा, ज्याची डिस्क पहिल्या दोघांनी नेटवर्कवरून वापरायची. शिवाय त्या दोन सर्व्हरांवर आणखी छोटे खोटे कॉम्प्युटर चालवायचे होते. ते चालवायला डिस्क हवी आणि ती डिस्क काही केल्या सर्व्हरांना लागत नव्हती, म्हणजे जोडली जात नव्हती.

सकाळी चहा झाला की मी वर जायची. दुपारी अडीचला भारनियमनामुळे वीज जायची, ती साडेचारला यायची. गेली की मी खाटेवर आडवी पडून छताकडे बघत राहायची आणि आली की पुन्हा सगळे सर्व्हर एकेक करून चालू करायची. पहिले दहा दिवस मी तेच केलं. पाडलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा पाडलं. खरं सांगायचं तर ते दुरुस्त व्हावं अशी मला घाई नव्हती. दिवस जात होता.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी खांबांवर आणि केबलच्या खड्ड्यांत काढली होती. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण लाइन बंद आहे एवढं ऐकलं की त्यांना घरात बसवत नसे. एक दिवस ते खुर्ची घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

"काय बंद आहे?"

"ही डिस्क. एका सर्व्हरला लागते. दुसऱ्याला लावायला गेलं की पहिल्याची तुटते."

"सर्व्हर कुठे आहेत पण?"

"ह्याच्यातच. ह्याच्या पोटात दोन, आणि त्यांच्या पोटात..."

तो शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले. बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. पेटीत पेटी. पुढे सांग."

मी सांगितलं. दुसरा सर्व्हर मी वेगळा बसवला नव्हता, पहिल्याचीच नक्कल केली होती. वेळ वाचतो म्हणून.

"मग दोघांचा नंबर एकच असेल," बाबा म्हणाले. "एका नंबरावर दोन फोन लावले की असंच होतं. एक उचलला की दुसऱ्याची बोंब."

मी दोघांना नेटवर्कवरचे पत्ते वेगळे दिले होते, ते मला पक्कं माहीत होतं. पण स्टोरेजला ओळख पटवायला प्रत्येक सर्व्हरचं एक लांबलचक नाव असतं, ते मी बघितलंच नव्हतं. नक्कल करताना तेही जसंच्या तसं उतरलं होतं. दोघांचं नाव एक असल्यामुळे स्टोरेजला तो एकच माणूस दोनदा आल्यासारखं वाटत होतं आणि ते आधीच्याला बाहेर काढत होतं. मी दुसऱ्याचं नाव बदललं. दोघांनाही डिस्क दिसू लागली. बाबांनी मांडीवर थाप मारली. मला काहीच वाटलं नाही. मी पुढच्या पायरीवर गेले, आणि तिथे ते पुन्हा अडलं.

आता डिस्क दिसायची, तिचं नाव, आकार, सगळं बरोबर. पण ती वापरायला तयार करायला घेतली की काम सुरू व्हायचं, थोडं पुढे सरकायचं आणि थिजायचं. पाच-सात मिनिटांनी लाल अक्षरांत संदेश यायचा की संपर्क तुटला. लगेच पिंग करावं, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारून बघावी, तर उत्तर ताबडतोब. हाकेला ओ मिळत होती आणि काम मात्र होत नव्हतं.

ह्यात आणखी आठवडा गेला. बाबा रोज यायचे. ते मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "टोकाला बसून विचार करू नको. मध्ये उभी राहा आणि दोन्ही बाजूंना बघ. ज्या बाजूला ठीक आहे ती सोडून दे." मी तसं केलं. साठवणुकीच्या सर्व्हरवर उभं राहून बघितलं, तो ठीक. दोन सर्व्हर एकमेकांत, ठीक. केबल तर नव्हतीच, सगळं त्या एका डब्यात. मी वहीत लिहीत होते आणि खोडत होते. आई खालून हाक मारायची, "दोघं जेवायला या गो," आणि आम्ही जायचो.

मग एका सकाळी बाबांनी अंजनवेलची गोष्ट काढली. ते नोकरीत नवीन असताना दाभोळ खाडीच्या तोंडाशी, अंजनवेलला जाणारी एक लाइन होती. तक्रार अशी की घंटी वाजते, पण बोललेलं ऐकू येत नाही. साहेब म्हणायचे, घंटी वाजते म्हणजे लाइन चांगली आहे, लोकांना बोलता येत नाही. बाबा तीन दिवस खांबाखांबाने चालले. खाडीकाठच्या एका सांध्यात भरतीला खारं पाणी शिरत होतं.

"घंटी जाण्यापुरती वाट होती," बाबा म्हणाले. "बोलणं जाण्याएवढी नव्हती. तू जी हाक मारतेस ती केवढी असते गो?"

"म्हणजे?"

"म्हणजे लहान की मोठी? वजन किती?"

मी हसले असते, एरवी. पण मी बसून राहिले, कारण प्रश्न बरोबर होता. पिंगची हाक अगदी चिमूटभर असते. आणि मी स्वतःच, परीक्षेच्या पुस्तकात स्टोरेजसाठी चांगलं म्हणून लिहिलंय म्हणून, दोन्ही टोकांना माहितीचे मोठे गठ्ठे पाठवायची सेटिंग केली होती. नेहमी दीड हजार बाइटचा गठ्ठा जातो, मी नऊ हजारांचा केला होता. मी तेवढी मोठी हाक मारून बघितली, वाटेत तुकडे करायचे नाहीत असं बजावून. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. नाही. आकार कमी करत करत दीड हजाराच्या खाली आणला आणि उत्तर आलं.

मधला खोटा स्विच, म्हणजे हे सगळे सर्व्हर एकमेकांना जोडणारा, ज्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं, तो मोठे गठ्ठे नेतच नव्हता. तक्रार न करता टाकून देत होता. डिस्कचं नाव, आकार हे सगळं छोट्या गठ्ठ्यांत मावत होतं, म्हणून ते दिसत होतं. खरा मजकूर वाटेत पडत होता.

मी दोन्ही टोकांना आकडा दीड हजारावर आणला. डिस्क तयार करायला घेतली. पट्टी सरकत सरकत शेवटापर्यंत गेली आणि हिरवी खूण आली.

"लागली?" बाबांनी विचारलं.

"लागली."

ते जिन्यावरूनच ओरडले, "अगो, लागली लाइन!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं झालं. आता आंघोळ करून घ्या म्हणावं." मी हिरव्या खुणेकडे बघत बसले. आनंद होईल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. मग वहीत तारीख घातली, आकडा लिहिला आणि आंघोळीला गेले.

पुढे पुण्याला परतल्यावर मी ती परीक्षा दिली आणि पास झाले. काही महिन्यांनी ऑफिसात खऱ्या सर्व्हरवर हाच दोष आला, तो मी चहा थंड व्हायच्या आत काढला, आणि लोकांना फार कौतुक वाटलं. रडू मात्र पुष्कळ नंतर आलं, एका मंगळवारी, भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांची वाट बघताना, काही कारण नसताना. ते सगळं नंतरचं.

डिस्क लागली त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल, जेट्टीपर्यंत जाऊन येऊ." आल्यापासून मी घराबाहेर पडले नव्हते. आम्ही हळूहळू गेलो, मला अजून भरभर चालवत नव्हतं. जेट्टीवर गर्दी नव्हती. भेळवाला गाडी लावत होता. आम्ही कठड्यावर बसलो. ओहोटी होती.

समोर बघतच बाबांनी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

तीन आठवड्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पण तोही उच्चारत नव्हता.

"मुलगी," मी म्हटलं.

"तू बघितलीस तिला?"

"हो. नर्सने विचारलं, बघायची आहे का म्हणून. मी हो म्हटलं."

"कशी होती?"

"केस होते खूप. काळे. नाक आईसारखं."

बाबांनी मान हलवली. "तुझेही होते केस," ते म्हणाले. "जन्मल्या जन्मल्या."

"आईने विचारायला सांगितलं?"

"नाही. ती म्हणाली होती, अजिबात विचारू नको."

मला रडू आलं नाही. फक्त ते वाक्य मी मोठ्याने बोलले होते, नाक आईसारखं, आणि आता ते आमच्या दोघांना माहीत होतं. बाबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. थोड्या वेळाने डास चावायला लागले. आम्ही उठलो, त्यांनी माझा हात धरला, आणि वाटेत आईला हवे होते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्ही पोहे घेतले.