अंगठ्यातली कळ

"डी क्वेर्वेन्स टेनोसायनोव्हायटिस," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं, "अंगठा हलवणारे स्नायुबंध मनगटातल्या एका अरुंद वाटेने जातात. तिथे सूज आलीय. फोन किती वापरता?"

मी लोणखेड्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. हजेरी, आहार, मुलांची वजनं, सगळं मोबाईलवर भरायचं. रेंज गेली की पुन्हा भरायचं. घरी आल्यावर कामाच्या ग्रुपवरचे मेसेज, मग विरंगुळा म्हणून रील्स. सगळा भार एकाच अंगठ्यावर.

आधी भाकरी थापताना कळ यायची. बाम चोळून मी कामाला लागायचे. एके दिवशी वजनासाठी एका तान्ह्या मुलीला उचललं आणि मनगटातला जोरच गेला. तिच्या आईने पटकन खालून हात घातला, म्हणून ती वाचली. रागवायचं सोडून त्या आईने विचारलं, "ताई, तुमना हातले काय व्हयनं?"

त्याच दुपारी मी शहाद्याला दवाखाना गाठला.

मनगटाला स्प्लिंट, म्हणजे अंगठा हलू न देणारा पट्टा बांधला. तेवढ्याने भागलं नाही. मग स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, "याने सूज उतरेल. पण सवय तीच राहिली तर ऑपरेशनपर्यंत जाईल."

फोन सोडला तर नोकरी कशी करायची? त्यांनीच मार्ग सांगितला. फोन टेबलावर ठेवा, दुसऱ्या बोटाने टाइप करा, जमेल तिथे बोलून लिहा. रील्स बंद.

सासूबाईंनी तर फोनच मागून घेतला. "सांजले हाऊ मन्हाजोडे ऱ्हाई," म्हणाल्या. संध्याकाळी तो त्यांच्याजवळच राहायचा. सुरुवातीला मी नुसती चिडचिड करायचे. त्यांच्या खोलीत तो वाजला की उठून बसायचे. पण मागितला नाही.

सेविकांच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी पर्यवेक्षिका मॅडमसमोर उभी राहिले. "मॅडम, संध्याकाळनंतर मी ग्रुप बघणार नाही. डॉक्टरांनी मनाई केलीय."

मग शेजारची सेविका म्हणाली, "माझंही मनगट ठणकतं." मागून आणखी एकीने हात वर केला. मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला. "तातडीचं असेल तर मी फोन करीन. बाकी सकाळी बघा."

तुमच्याही अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर बाम लावून ती झाकू नका. लवकर दाखवा आणि कामाच्या ठिकाणी स्पष्ट बोला. मला बोलायला फार उशीर झाला.

हळूहळू हातात जोर आला. डॉक्टरांचे आणि सासूबाईंचे उपकार आहेतच. आता संध्याकाळी सासूबाई मला गोधडी शिवायला शिकवतात. टाके वाकडे पडतात, त्या हसून उसवायला लावतात. मी पुन्हा सुई धरते. अंगठा साथ देतो.