गळक्या नळाची राखण

साडूच्या शेतातला गळका नळ प्लंबरनं दुरुस्त केला, तोही न विचारता आणि फुकट. आयुष्यात त्यानं केलेलं हे एकमेव फुकटचं काम, आणि त्यातच घोळ झाला.

दुखणं पोटातलं होतं. सासऱ्यांच्या जमिनीत थोरला साडू मका पिकवायचा, निम्मा प्लंबरच्या घरी यायचा. त्या वर्षी माकडांनी आसपासची शेतं ओरबाडली, पण साडूच्या मक्याला हात लावला नाही. साडूनं एक यंत्रच केलं होतं. नळातून डब्यात पाणी पडायचं, डबा भरला की कलंडायचा आणि मागचा दांडा पत्र्यावर धाडकन आपटायचा. माकडं पसार! लोक मुद्दाम बघायला यायचे.

"भाऊजींनी करून दाखवलं," बायको म्हणाली. "तुम्ही वीस वर्षं नुसते पाइपच जोडताय."

"पाइप माझ्याच दुकानातला आहे."

"डोकं त्यांचं आहे ना!"

दुसऱ्या दिवशी साडू बाजाराला गेल्याचं बघून प्लंबर शेतावर पोचला. यंत्र पाहून त्याला हसूच आलं. सांधा गळत होता. कधी धार, कधी थेंब. डबा कधी पाच मिनिटांत भरायचा, कधी वीस. आणि याचं म्हणे कौतुक! त्यानं टेप गुंडाळली, नवा पितळी नळ बसवला, पान्यानं करकचून आवळला. आता बरोबर आठ मिनिटांनी धाडकन. लागोपाठ तीन आवाज ऐकले तेव्हा कुठे त्याच्या पोटात गार पडलं.

माकडांनी तीन दिवस बांधावर बसून हिशेब लावला. चौथ्या दिवशी आवाज झाला की दोन उड्या मागे, मग आठ मिनिटं निवांत जेवण. सहा ओळी साफ.

बातमी ऐकून प्लंबर धावत गेला. साडू बांधावर बसला होता. "या, साडूभाऊ. गळका नळ आपोआप सुधारतो का हो कधी?"

समोर माकडं पत्र्याकडे बघत कणसं सोलत होती. राखण यंत्र करत नव्हतं, गळती करत होती, हे त्याला आत्ता उमगलं. त्यानं पाना काढला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं, गळावा म्हणून, सांधा ढिला केला. तीन मिनिटांतच धाडकन! तोंडात दाणे घेऊन माकडं सुटली ती झाडावर.

"वा! गळती लावावी तर तुम्हीच," साडू म्हणाला.

संध्याकाळी बायको खुशीत होती. "भाऊजींचं यंत्र पुन्हा चालू झालं म्हणे!"

प्लंबरनं पाना पिशवीत खोल सारला.

कापणीनंतर पोती आली. निम्मी, पुरेपूर. सहा ओळींची तूट साडूनं स्वतःच्या वाट्यातून भरली होती. वरच्या पोत्यात कागदात गुंडाळलेला पितळी नळ होता. 'कुणाचा तरी राहिला होता', एवढंच लिहिलेलं.

मोठेपणातही हाच पुढे! प्लंबरला त्याचा जास्त राग आला. नळ त्यानं विकून टाकला. सहा ओळींचं मात्र अजून कबूल करायचं राहिलंय.