दादाचा बूट

लेकीच्या लग्नाचा विषय निघाला की अजूनही मला आधी थकवा आठवतो, आनंद मागाहून. आम्ही मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायली. सगळा जन्म पुण्यात गेला, पण "म्हणजे पारशी का?" या प्रश्नाला उत्तरं देऊन जीभ झिजली. आता कोथरूडच्या विहीणबाईंना सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं.

लग्न रजिस्टर झालेलंच होतं. जावयाच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये घरगुती समारंभ करायचा, थोडं त्यांचं, थोडं आमचं, असं मुलांनी ठरवलं. "आई, चिल," लेक म्हणायची. चिल व्हायला वेळ कुणाला होता?

आमच्याकडचं वडीलधारं माणूस एकच, माझा थोरला भाऊ. बाकीचे कधीच इस्रायलला गेले, आणि माझे यजमान वारले. दादाला समाजाबाहेरचं लग्न मान्य नव्हतं. किती मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा म्हणाला, "येईन. पाहुण्यासारखा मागे बसेन. माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही."

मी बरं म्हटलं, पण मला त्याचा शब्दच हवा होता. पोरीला बाप नाही. आमच्या बाजूने तिला आशीर्वाद दुसरं कोण देणार?

आमच्यात नवरानवरी छताखाली उभी राहतात. माझी लग्नातली पांढरी साडी मी चार काठ्यांना बांधली आणि काठ्या लेकीच्या मैत्रिणींच्या हातात दिल्या. पोहे, गूळ, ओलं खोबरं कालवून मलिदा केला. विहीणबाईंनी चव घेतली. "दडपे पोहेच की हो, फक्त गोड." मी मान डोलावली. समजावून सांगायचं त्राण उरलं नव्हतं.

ग्लासाचं मात्र सांगावंच लागलं. "अहो, शुभकार्यात काच फोडायची?" जेरुसलेमचं आमचं मंदिर पडलं ते आनंदाच्या वेळीही विसरायचं नाही, म्हणून नवरा शेवटी पायाखाली ग्लास फोडतो, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोडा. झाडून मात्र तुम्ही घ्या."

त्यांची सप्तपदी आधी झाली. मग आमच्या छताखाली अंगठी झाली, द्राक्षरसाचा घोट झाला. मी ग्लास रुमालात गुंडाळून जावयाच्या पायाशी ठेवला आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. अनवाणी! पूजेची जागा म्हणून विहीणबाईंनी सगळ्यांच्या चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या, आणि मैत्रिणींनी नवऱ्या मुलाचे जोडे लपवले होते ते त्याच्या एका मित्राच्या गाडीत. गाडी घेऊन तो मित्र बर्फ आणायला गेलेला.

एक जण बाहेरची चप्पल आणायला उठला, तर विहीणबाई म्हणाल्या, "दारातली चप्पल इथे येणार नाही." कुणी म्हणालं, "जाऊ दे ना काकू, एवढं काय." मला रडूच कोसळलं. इतकं सगळं सोडून दिलं, तेव्हा हे एक राखून ठेवलं होतं.

क्लबहाउसात बूट घालून बसलेला माणूस एकच होता. दारात त्याने साफ सांगितलं होतं, "मी पाहुणा आहे. पूजेला बसलेलो नाही." विहीणबाईंनी तेव्हा नुसतं वर पाहिलं होतं.

दादा मागून उठून आला. खाली वाकून, धापा टाकत त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट जावयापुढे ठेवला. विहीणबाई बाजूला सरकल्या. "बूट देतोय, संमती नाही," दादा माझ्या कानाशी म्हणाला आणि परत मागे गेला.

जावयाने पाय घातला. बूट मोठा होत होता. ग्लास फुटला.

आणि सगळे गप्प. आमच्यात काच फुटली की अख्खा मांडव "मझल टोव" म्हणून ओरडतो, शुभ होवो म्हणून. इथे ते ठाऊक कुणाला? ओरडायला मीच होते, आणि माझं रडणं अजून थांबलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"मझल टोव!"

मागून आला तो आवाज. माझ्या लग्नात आला होता तोच. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, दादा उभा होता.

सगळे टाळ्या वाजवत असताना मी त्याच्याजवळ गेले. तो माझ्याकडे बघेना.

"निघून गेलं तोंडातून," तो म्हणाला. "आता काय परत घेऊ?"