वावरातली हजेरी

वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात. बारीक, कोरडी, हट्टी टोच. तुम्ही कधी कापूस वेचला आहे का? दुरून ते पांढरे वावर किती सालस, किती मृदू दिसते! जवळ जाऊन हात घातला की कळते, त्या शुभ्रतेभोवती टोकेरी कवच आहे आणि त्याला न जुमानता बोटे आत गेल्याशिवाय ओटीत काही पडत नाही. कार्तिकाची कोवळी उन्हे अंगणात उतरली की आजही माझी बोटे चुरचुरतात, आणि त्यांच्याबरोबर माझा एक जुना रागही जागा होतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावात आमची दोन शिक्षकांची शाळा: मुख्याध्यापक मेश्राम सर आणि मी. दिवाळीची सुटी संपली की वर्ग ओस पडे, कारण मुले आयांबरोबर वेचणीला जात. उरलेल्या पाचसहा जणांसमोर मी चौथीच्या पुस्तकातला नारळाच्या बागांचा धडा वाचून दाखवी. नारळाशी माझे वैर नाही! पण ज्यांच्या नखांत कापसाचे तंतू अडकलेले, त्यांच्या वाट्याला ऐन वेचणीत नारळ कोणी लिहून ठेवला? आमच्या गावची माती ज्याच्या चपलेला कधी लागली नाही अशा कुणीतरी, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

त्या वर्षी चौथीतल्या वंदनाचे नाव गैरहजेरीपायी पटावरून कमी व्हायची वेळ आली. आकडेमोडीत तिचा हात धरणारे गावात कुणी नव्हते. तिची आई गिरिजाबाई पहाटेच मजुरीला निघे आणि घरी एकटी ठेवायची नाही म्हणून लेकीलाही सोबत नेई. मी हळहळत बसले. सर हळहळणाऱ्यांतले नव्हते. ओसाड वर्गाकडे बघत ते म्हणाले, "पोट्टे वावरात चालले, तं शाळा काऊन नाई जात वावरात?"

आणि शाळा गेली! धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखाली रोज सकाळी तीन तास वर्ग भरू लागला, आणि त्या तीन तासांत कुणी मुलांना वेचणीला लावायचे नाही, एवढे आम्ही आयांकडून कबूल करून घेतले. एक कोरी वही शिवून आमचा अभ्यासक्रम आम्ही तीत लिहिला आणि रोजची हजेरीही तीतच मांडली. एका किलोत बोंडे किती? प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई, म्हणून सरासरी शिकावी लागली. नाल्याकाठच्या ओळींतली बोंडे जड का, हे वंदनाने आधी मोजून आणि मग माती मुठीत दाबून, तिची ओल दाखवत सांगितले. बोंडअळी ओळखायला गिरिजाबाईंनी शिकवले. मला ती तोवर ठाऊकच नव्हती. ज्ञान वरून खाली झिरपते अशी माझी डी.एड.ची समजूत होती. त्या बाभळीखाली ती कायमची मोडली.

पण मी भित्री. सरांच्या नकळत मी पाठांचे दुसरे, खोटे टाचण लिहीत होते, तपासणीच्या साहेबांना दाखवायचे. त्यात नारळ वेळापत्रकाप्रमाणे शिकवला जात होता आणि मुलांचा प्रतिसाद दरवेळी उत्तम होता. एका सकाळी शिक्षण विस्तार अधिकारी थेट धुऱ्यावर आले, तेव्हा मी पिशवीतून तेच टाचण काढून दिले. त्यांनी पान उलटले, आणि तेव्हा मला आठवले. घाईघाईत मी पुढच्या आठवड्याचे धडेही लिहून ठेवले होते, 'शिकवून झाले, प्रतिसाद उत्तम' या शेऱ्यासकट!

ते रागावतील असे वाटले. ते हसले. "बाई, तारखा तेवढ्या सांभाळत जा," म्हणाले.

खोटे त्यांनी इतक्या सहज पोटात घातले की मला माझीच शिसारी आली. मी खरी वही त्यांच्या हातात ठेवली. ती वाचताना मात्र त्यांचा चेहरा कठोर होत गेला. वावरातली हजेरी चालणार नाही, हे दिवस गैरहजर मांडा आणि त्या मुलीचे नाव कमी करा, असे त्यांनी बजावले. मग वही हलवून विचारले, "हे सगळं कोणाच्या मंजुरीनं?"

सर बोलणार, तोच ओटी सावरत गिरिजाबाई पुढे आल्या. "माह्या मंजुरीनं, साहेब. वावर माहं नाई, पण पोट्टी माही हाय. ते इथं रोज शिकून राह्यली, मी डोयानं पायते. गैरहजर कशी?"

गैरहजेरी मांडायला साहेबांनी पेन माझ्यापुढे धरले. मी ते घेतले नाही. "मुलगी हजर होती," एवढेच मी म्हणाले. आवाज माझाच होता. वहीवर लाल शाईचा शेरा पडला, आणि जूनमध्ये माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. वंदनाचे नाव मात्र पटावर राहिले. ती पाचवीत गेली. वही सरांनी माझ्या हवाली केली. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात मी कोरी वही शिवली आणि बायांना विचारत फिरले, तुमच्याकडे कार्तिकात काय असते?

काही वर्षांनी वरून फर्मान आले: शिक्षण परिसराशी जोडा, शाळांनी आपापला अभ्यासक्रम घडवून कळवा. सोबत छापील तक्ता. संतापावे की हसावे? ज्यासाठी लाल शाई खाल्ली, तेच आता तक्त्यात भरून मागत होते! खिडकीतून कार्तिकाचे ऊन टेबलावर आले होते, बोटे चुरचुरत होती. तक्त्यात शेवटचा रकाना होता, मंजुरी देणाऱ्याचे नाव व पद. मी जराही न थांबता लिहिले: गिरिजाबाई, वंदनाची आई.